शाईचं पेन रुसतं तेव्हा : दोष पेनचा, शाईचा, कागदाचा की हाताचा?



अनेक शाळांत चौथीपर्यंत पेन्सिल आणि पाचवीपासून पेन असा रिवाज आहे. मूल पाचवीत गेलं की घरात कुणीतरी म्हणतंच, "बॉलपेनने अक्षर बिघडतं, याला शाईचं पेन घेऊन द्या." मग वाढदिवसाला किंवा जूनच्या खरेदीत एक छान पेन येतं. पहिले चार दिवस मूल खुशीत असतं. दुसऱ्या आठवड्यात बोटं निळी, सदऱ्याच्या खिशावर डाग, वहीत मध्येच तुटलेली अक्षरं. महिनाभरात ते पेन कपाटाच्या खणात जाऊन पडतं आणि मूल पुन्हा बॉलपेनकडे वळतं.

पेन खणात गेलं याचं मोठंसं दुःख नाही. पण त्या महिनाभरात मुलाने काय काय ऐकलेलं असतं ते आठवा. "एवढं महागाचं पेन आणून दिलं, तुला एक वस्तू नीट वापरता येत नाही!" वर्गातही वहीवर लाल शेरा येतो – 'अक्षर सुधारा'. मूल त्यातून एकच अर्थ काढतं : माझा हातच वाईट आहे. आणि पुष्कळ वेळा दोष हाताचा नसतोच. निबची दोन टोकं वरखाली झालेली असतात, शाई घट्ट झालेली असते किंवा वहीचा कागद शाई पेलणारा नसतो. म्हणून ओरडण्याआधी तपासायचं कसं, हे आपल्यालाच माहीत असायला हवं. आजचा पाठ त्यासाठी. पाचवी ते नववीच्या मुलांना तो विज्ञान, कार्यानुभव आणि लेखन या तिन्हींत वापरता येईल.

१) पेनच्या आत नेमकं काय चालतं?

शाईच्या पेनचे मुख्य भाग चार : शाईची टाकी (साध्या पेनात बॅरलमध्येच ड्रॉपरने शाई भरतात), निब, निबखालची जीभ आणि टोपण. यातली जीभ सगळ्यात दुर्लक्षित, पण खरं काम तिचंच. हा खाचा असलेला काळा तुकडा आपण निबचा आधार समजतो. नीट पाहिलं तर त्यात उभा बारीक मार्ग दिसतो. त्या मार्गाने शाई खाली उतरते आणि हवा वर टाकीत जाते.

मुलांना हे दाखवायला दोन मिनिटांचा प्रयोग पुरतो. पाण्याची प्लॅस्टिकची बाटली घ्या, झाकणाला सुईने एक बारीक भोक पाडा आणि बाटली उलटी धरा. दोन-चार थेंब पडतात आणि पाणी थांबतं. बाटली न दाबता तिच्या बुडाला दुसरं भोक पाडा. हवा आत शिरते आणि धार सुरू होते. पेनचंही तसंच आहे. शाई बाहेर यायची तर तिच्या जागी हवा आत गेली पाहिजे. हवा कमी गेली तर पेन अडतं, जास्त गेली तर पेन ओकतं.

शाई कागदापर्यंत ओढली जाते ती केशाकर्षणाने. निबच्या मधल्या चिरेत शाई तशीच उतरते जशी कंदिलाच्या वातीत तेल चढतं. म्हणजे शाईच्या पेनला दाब लागतच नाही, कागदाला नुसता स्पर्श पुरतो. हे वाक्य फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा, कारण पुढच्या निम्म्या तक्रारी इथूनच सुरू होतात.

थोडा इतिहासही सांगता येईल. पॅरिसमध्ये शिकणाऱ्या पेत्राके पोएनारू या रोमानियन विद्यार्थ्याला १८२७ साली फ्रान्समध्ये अशा पेनचं पेटंट मिळालं. पण शाई आणि हवा यांची ही देवाणघेवाण नीट साधणाऱ्या जिभेचं पेटंट अमेरिकेत लुईस वॉटरमनने घेतलं ते १८८४ साली. विम्याच्या करारावर शाई सांडली, गिऱ्हाईक हातचं गेलं आणि म्हणून वॉटरमनने पेन शोधलं, ही गोष्ट बऱ्याच पुस्तकांत सापडते. तिला त्या काळातला पुरावा मिळत नाही; जाहिरातींतून ती पसरली असं अभ्यासक मानतात. वर्गात सांगायची असेल तर 'दंतकथा' म्हणूनच सांगा.

आपल्याकडचा धागा स्वदेशीशी जोडलेला आहे. आंध्रातल्या राजमहेंद्रीत रत्नम पेन घडले ते स्वदेशीच्या चळवळीत, गांधीजींच्या प्रेरणेने. मुंबईत दांडेकर बंधूंनी १९३१ साली 'हॉर्स ब्रँड' नावाने शाईची पूड आणि गोळ्या करायला सुरुवात केली. पुढे त्यातूनच कॅम्लिन उभं राहिलं आणि त्यांची 'कॅमल' शाई शाळाशाळांत पोचली. आजी-आजोबांना विचारा, शाईची गोळी पाण्यात विरघळवल्याची आठवण एखाद्या घरात नक्की निघेल.

२) अपेक्षा कुठे चुकते?

बॉलपेनमध्ये घट्ट शाई आणि फिरती गोळी असते. गोळी फिरायला दाब लागतो. लास्लो बिरो यांनी १९३८ साली या पेनचं पेटंट घेतलं आणि पुढच्या काही दशकांत जगाचा हात दाबून लिहायला शिकला. आपली मुलं आधी पेन्सिलवर, मग बॉलपेनवर वाढलेली. त्यांचा हात दाबायलाच सरावलेला असतो. अशा हातात अचानक शाईचं पेन आलं की निब फाकते, शाई भसकन येते किंवा निब कागद खरवडते.

दुसरी अपेक्षा किमतीची. महाग पेन म्हणजे चांगलं लिहिणारं पेन, असं आपण गृहीत धरतो. किंमत मात्र पुष्कळदा शरीराच्या धातूची, मुलाम्याची, नावाची आणि डबीची असते. कागदाला टेकतं ते निबचं टोक, जेमतेम मिलिमीटरभराचं. तिथे घासणी नीट झाली नसेल तर भारी पेनही अडखळतं, आणि साध्या स्टीलच्या निबचं पेन झरझर चालतं. सोन्याची निब थोडी लवचीक असू शकते, पण टोकावर सोनं नसतंच. तिथे वेगळ्या कठीण धातूचा कण बसवलेला असतो, कारण सोनं मऊ असल्यामुळे झिजून जाईल.

तिसरी अपेक्षा अशी की पेन बदललं की अक्षर बदलेल. शाईचं पेन हात हलका ठेवायला आणि सावकाश लिहायला भाग पाडतं, एवढी मदत ते जरूर करतं. अक्षराचं वळण मात्र सरावानेच येतं.

३) सहा तक्रारी आणि त्यांची तपासणी

अ) "सकाळी पेन उठतच नाही." रात्रभरात निबच्या टोकावरची शाई वाळते. टोपण घट्ट बसतं का पाहा. टोपणाला तडा असेल किंवा आतली चकती निघाली असेल तर हवा जाते. उपाय : निबचं टोक क्षणभर पाण्यात बुडवा, फडक्याला टेकवा आणि लिहा. पेन झटकू नका. झटकल्याने शाई येते खरी, पण भिंतीवर आणि शेजारच्याच्या सदऱ्यावर.

आ) "लिहिता लिहिता मध्येच तुटतं." नवं पेन असेल तर आधी धुऊन पाहा. कारखान्यातला तेलकटपणा जिभेत राहिलेला असू शकतो आणि त्यावर शाई टिकत नाही. कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब टाकून पेन धुवा, मग साध्या पाण्याने स्वच्छ करा. जुनं पेन असेल तर जिभेच्या मार्गात वाळलेली शाई अडकलेली असते. निबचा भाग रात्रभर साध्या पाण्यात ठेवला की ती सुटते. दर अक्षराचा फक्त पहिला ठसा उमटत नसेल, तर टोकाची घासणी गरजेपेक्षा गोल झालेली असण्याची शक्यता आहे. हा दोष घरी दुरुस्त होत नाही, पेन दुकानात बदलून मागावं.

इ) "कागद खरवडतं." प्रयोगशाळेतलं भिंग आणा आणि निबचं टोक समोरून पाहा. दोन्ही टोकं एका पातळीत हवीत. एक वर, एक खाली असेल तर एका दिशेच्या रेषेला पेन गुळगुळीत चालतं आणि दुसऱ्या दिशेला ओरखडतं. इंग्रजी आठचा मोठा, आडवा आकडा गिरवून पाहिला की नेमकी दिशा कळते. नखाने अगदी हलकेच टोक पातळीत आणता येतं, पण हे काम मोठ्यांनी करावं. पेन निबवर पडलं असेल तर बहुतेक वेळा हाच दोष असतो.

ई) "शाई कागदावर फुटते, मागे उमटते." इथे पेनला दोष देण्याआधी वही बदलून पाहा. कागद बनवताना त्यावर शाई शोषली जाऊ नये म्हणून खळीसारखा लेप देतात. तो कमी असेल तर कागद टीपकागदासारखा वागतो आणि अक्षराला मिशा फुटतात. पावसाळ्यात दमट झालेली वही हेच करते. त्याच पेनने चांगल्या कागदावर दोन ओळी लिहून घ्या, निकाल लगेच लागतो.

उ) "बोटं निळी होतात." निबच्या वर जिथे बोटं टेकतात तिथे तडा आहे का पाहा. ड्रॉपरने भरायच्या पेनात आटे सैल असले की तिथून शाई झिरपते. आट्यांना सिलिकॉन ग्रीसचं अगदी पातळ बोट फिरवलं की गळती थांबते. टोपणाच्या आत शाई साचलेली असेल तर तीच पुन्हा बोटांना लागते, म्हणून टोपणही आतून धुवा.

ऊ) "अचानक डबकं पडतं." ही तक्रार सगळ्यात गमतीची, कारण तिच्यामागे गणित आहे.

४) डबक्याचं गणित (इयत्ता आठवी-नववीसाठी)

समजा बॅरलमध्ये ३ मिलिलिटर जागा आहे. शाई संपत आली आहे, म्हणजे ०.५ मिलिलिटर शाई आणि २.५ मिलिलिटर हवा. सकाळी तापमान २५ अंश सेल्सिअस. पेन हातात धरून, खिशात ठेवून आतली हवा ३५ अंशांपर्यंत तापली.

दाब तोच राहिला तर हवेचं आकारमान निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतं. २५ अंश म्हणजे २९८ केल्विन, ३५ अंश म्हणजे ३०८ केल्विन. ३०८ भागिले २९८ म्हणजे सुमारे १.०३४. याचा अर्थ हवा ३.४ टक्क्यांनी फुगली.

२.५ मिलिलिटर हवेत ही वाढ साधारण ०.०८ मिलिलिटर. ड्रॉपरचा एक थेंब अंदाजे ०.०५ मिलिलिटरचा धरला तर दीड थेंबाहून जास्त शाई बाहेर ढकलली जाणार. जिभेवरच्या कंगव्यासारख्या खाचा ही जादा शाई धरून ठेवण्यासाठीच असतात. त्या भरल्या की डबकं.

आता पेन जवळजवळ भरलेलं आहे असं धरा. हवा फक्त ०.५ मिलिलिटर. तेवढ्याच तापमानवाढीत ती सुमारे ०.०१७ मिलिलिटर फुगते, म्हणजे थेंबाचा तिसरा भाग. पेन गळत नाही!

यातून मुलांनी स्वतः नियम काढायचा : शाई तळाला जायची वाट न पाहता निम्म्यावर आली की भरावी. पेपरच्या दिवशी तर भरूनच न्यावी. विमानात पेन गळतं तेही हवेमुळेच, फक्त तिथे तापमानाऐवजी बाहेरचा दाब कमी होतो. म्हणून प्रवासात पेन पूर्ण भरलेलं किंवा पूर्ण रिकामं, आणि निब वर करून ठेवतात.

५) वर्गातला उपक्रम : अदलाबदल चाचणी

साहित्य : त्रास देणारं एक पेन, चांगलं चालणारं एक पेन, दोन प्रकारचे कागद, शाईची एक नवी दौत, भिंग, जुनं फडकं.

कृती :
१. ज्या मुलाची तक्रार आहे त्याने आपल्या पेनने, आपल्या वहीत तीन ओळी लिहाव्यात.
२. पेन तेच, वही तीच, फक्त लिहिणारा हात बदलावा.
३. हात पुन्हा पहिलाच, पेन तेच, फक्त कागद बदलावा.
४. मग फक्त पेन बदलावं.
५. शेवटी पहिलं पेन धुऊन, वाळवून त्यात नवी शाई भरावी आणि पुन्हा लिहावं.

प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तेच ठेवायचं. निरीक्षणं तक्त्यात लिहायची : काय बदललं, त्रास गेला की राहिला. त्रास पेनबरोबर गेला तर दोष पेनचा, हाताबरोबर गेला तर हाताचा. प्रयोगात एका वेळी एकच घटक का बदलायचा हे व्याख्या पाठ करून कळत नाही, इथे पाच मिनिटांत कळतं.

या उपक्रमाचा आणखी एक फायदा आहे. तक्रार करणाऱ्या मुलाला सगळ्या वर्गासमोर दिसतं की दुसऱ्याच्या हातातही ते पेन अडतंच. त्याच्या चेहऱ्याकडे तेव्हा जरूर पाहा. आणि दोष खरंच दाबून लिहिण्याचा निघाला तरी हरकत नाही. 'तुझं अक्षर वाईट' यापेक्षा 'तुझा हात जरा जड पडतोय' हे ऐकायला सोपं आणि सुधारायलाही सोपं. वहीखाली दोन कोरी पानं ठेवून लिहायला सांगा. मागच्या पानावर वळ उमटले की दाब जास्त आहे हे मुलाला स्वतःलाच दिसेल.

डावखुऱ्या मुलांकडे वेगळं लक्ष द्या. देवनागरी डावीकडून उजवीकडे जाते, त्यामुळे त्यांचा हात ओल्या शाईवरून फिरतो. त्यांना लवकर वाळणारी शाई, बारीक निब आणि थोडी तिरकी ठेवलेली वही मदत करते. एवढं करूनही त्रास होत असेल तर शाईच्या पेनची सक्ती करू नये.

६) पालकांसाठी : विकत घेण्याआधी

• पेन दुकानातच शाईत बुडवून लिहून पाहा, तेही मुलाच्या हातून. शक्य असेल तर शाळेची वही सोबत न्या.
• पहिलं पेन साधं, हलकं, स्टीलच्या निबचं घ्या. हरवलं तरी घरात रडारड होणार नाही असं.
• बारीक निब घ्या. शाळेच्या वहीचा कागद जाड निबची शाई पेलत नाही, आणि जोडाक्षरं, वेलांट्या, रफारही बारीक निबनेच सुटे दिसतात.
• शाई फाउंटन पेनचीच हवी. चित्रकलेची वॉटरप्रूफ शाई पेनात भरली की ती आतच घट्ट होते आणि जीभ कायमची बुजते. दोन कंपन्यांच्या शाया एकत्र करू नका, कधी कधी त्यांचा साका होतो.
• शाई पुरवायला तिच्यात नळाचं किंवा बोअरचं पाणी घालू नका.
• महिन्यातून एकदा पेन धुवा. गरम पाणी आणि स्पिरिट वापरू नका. जुनी प्लॅस्टिकची आणि एबोनाइटची पेनं त्याने खराब होतात. सुट्टीत पेन रिकामं करून, धुऊन, वाळवून ठेवा.

हे धुण्याचं काम मुलाकडूनच करून घ्या. शनिवारी अर्धा तास, एक वाटी पाणी, एक फडकं. हात निळे होतील, होऊ द्या.

७) एक जुना समज

"आपलं पेन दुसऱ्याला देऊ नये, निब बिघडते." आपण सगळ्यांनी हे ऐकलेलं आहे. निबच्या टोकाचा धातू कठीण असतो. दोन ओळी लिहून त्याला दुसऱ्या हाताचं वळण लागत नाही, त्याला दीर्घ वापर लागतो. मात्र दुसरा मुलगा दाबून लिहिणारा असेल किंवा त्याने पेन पाडलं, तर निब एका क्षणात बिघडते. म्हणून समजात थोडं तथ्य आहे, पण कारण वेगळं आहे. आपल्या देखरेखीखाली केलेल्या अदलाबदल चाचणीला काही हरकत नाही.

८) स्वाध्याय

१. बाटलीच्या प्रयोगातलं दुसरं भोक पेनमध्ये कुठे असतं? आकृती काढून दाखवा.
२. एक मुलगी म्हणते, "माझं पेन मराठीच्या वहीत छान चालतं, गणिताच्या वहीत शाई फुटते." दोष कुठे असेल? खात्री कशी कराल?
३. बॅरलमध्ये २ मिलिलिटर हवा आहे. तापमान २० अंशांवरून ३० अंशांवर गेलं तर हवा किती वाढेल? किती थेंब शाई बाहेर ढकलली जाईल?
४. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा : त्यांचं पहिलं शाईचं पेन कोणतं होतं? ते कशामुळे बंद पडलं? दहा ओळी लिहा.
५. घरातलं एक बंद पडलेलं पेन शोधा, धुऊन पाहा आणि ते चालू झालं की नाही याचा अहवाल लिहा.

पाचवा प्रश्न मुलांना फार आवडतो. जवळजवळ प्रत्येक घरात असं एखादं पेन निघतं : कुणाला लग्नात मिळालेलं, कुणाला सेवानिवृत्तीला, कुणाचं दहावीच्या बक्षिसाचं. त्यातली काही पेनं रात्रभर पाण्यात राहिली की दुसऱ्या दिवशी लिहायला लागतात. ज्या पेनची निब वाकलीय किंवा बॅरलला तडा गेलाय, ती चालणार नाहीत. तेही अहवालात कारणासह लिहू द्या, त्यालाही पूर्ण गुण द्या.

आणि वहीवर 'अक्षर सुधारा' असा शेरा लिहिण्याआधी एकदा त्या मुलाचं पेन मागून घ्या आणि स्वतः दोन ओळी लिहून पाहा.